चौथा तास

सोमवार, ४ ऑगस्ट

आज विज्ञानाच्या सरांनी राजीनामा दिला. चित्रकलेच्या बाई गेल्या, इंग्रजीचे सर गेले, आणि आता हे. पहिली चाचणीही अजून झालेली नाही!

दुपारी संस्थेच्या अध्यक्षांनी बोलावून घेतलं. त्यांनी 'शिक्षक टिकवा समिती' स्थापन केली आहे आणि तिचा प्रमुख मी. मी उभा राहून आभार मानायला लागलो तर म्हणाले, "बसा हो. आभार नंतर माना. गणिताच्या बाईंच्या मागे दुसरी शाळा लागलीय असं कानावर आलंय. त्या गेल्या तर दहावीचं काय, सांगा मला." मी म्हटलं, जाणार नाहीत. ते म्हणाले, "त्या राहिल्या तर मोठ्या बाई निवृत्त झाल्यावर मुख्याध्यापकांच्या खुर्चीत तुम्ही. गेल्या तर मग बघू."

या 'बघू'चा अर्थ मला चांगला ठाऊक आहे. उपमुख्याध्यापक म्हणून इतकी वर्षं मी तोच शब्द सगळ्यांना वापरतो.

मोठ्या कामाची नोंद राहावी म्हणून येताना ही दैनंदिनी आणली. घरी हिला दाखवली. ही म्हणाली, "अहो, तुमच्या शाळेत लिहिण्यासारखं घडतं काय?" मी लक्ष दिलं नाही.

बुधवार, ६ ऑगस्ट

कामाला शास्त्रशुद्ध सुरुवात. विज्ञानाच्या सरांना बोलावलं. मी छापील प्रश्नावली तयार केली होती. नोकरी सोडण्याचं कारण: पगार, अंतर, प्रकृती, लग्न, वैयक्तिक. यापैकी एकावर खूण करायची.

सरांनी कागद उलटून मागची बाजूही पाहिली. मग म्हणाले, "सर, यात माझं कारण नाही. मी इथे शिकवतच नव्हतो."

"मग इतकी वर्षं काय करत होतात?"

"तेच तर म्हणतोय!"

असल्या उडवाउडवीच्या उत्तरांनी मला चीड येते. पुढे काय करणार विचारलं तर म्हणे मेहुण्याच्या सायकल दुरुस्तीच्या दुकानात बसणार. एम.एस्सी. झालेला माणूस! मी म्हटलं, अहो, काही वाटतं का? तर ते म्हणाले, "सर, तिथे पंक्चर काढायला घेतलं की पंक्चरच काढतात. मध्येच उठवून पंक्चरची माहिती तीन प्रतींत भरायला लावत नाहीत."

मी त्यांच्या वतीने 'वैयक्तिक'वर खूण केली आणि त्यांना शुभेच्छा दिल्या.

शुक्रवार, ८ ऑगस्ट

आज गणिताच्या बाई. म्हटलं, त्यांना बोलावण्यापेक्षा आपणच जावं, माणसाला बरं वाटतं. वेळापत्रक पाहिलं, चौथा तास त्यांना मोकळा. स्टाफरूममध्ये नव्हत्या. शोधत शोधत जुन्या प्रयोगशाळेत पोचलो. तिथे मोडकी स्टुलं ठेवतात, खिडकीची एक काच नाही, आणि अशा जागी ही बाई मोकळ्या तासाला बसते!

समोर दहावीची चार मुलं वह्या घेऊन उभी. म्हणजे पाहा, बाईंची पद्धत अशी की त्या वही मुलाशिवाय तपासतच नाहीत. मूल शेजारी उभं करायचं, त्याने स्वतः गणित वाचायचं, आणि चुकीच्या ओळीपाशी पोचलं की बाई काही बोलत नाहीत, नुसतं पेन तिथे टेकवतात आणि थांबतात. मूल स्वतःच 'अरे हो की' म्हणतं. मग पुढचं मूल. त्या वेळी दहावीला पीटी असते, आणि पीटीचे सर मैदानावरून चार-चार मुलं इकडे सोडतात. हे सगळं वर्षानुवर्षं चाललं आहे आणि वरिष्ठांना पत्ता नाही!

मी दारातून म्हटलं, "बाई, आपल्याशी बोलायचं होतं."

"सर, शाळा सुटल्यावर बोलूया का? ही चार झाली की आणखी चार आहेत."

"नाही नाही, तुमच्या वेळेची मला किंमत आहे. आत्ताच बोलू."

मुलं परत मैदानावर पाठवली. एक मुलगी, दोन वेण्यांची, मोठी शंकेखोर आहे असं ऐकून आहे, जाताना माझ्याकडे वळूनवळून बघत होती. मी बाईंना स्पष्टच विचारलं की तुम्ही इथेच राहावं म्हणून आम्ही काय करावं? मानधन, बक्षीस, सत्कार, संकोच करू नका.

"काहीच नको, सर. हा चौथा तास तेवढा राहू द्या."

मला भरून आलं. माणूस इतका निरपेक्ष असू शकतो! अहवालात 'स्वभाव: समाधानी' असं लिहिलं. बोलता बोलता घंटा झाली.

मंगळवार, १२ ऑगस्ट

अभ्यास करताना एक गोष्ट माझ्या लक्षात आली. शिक्षकांना मन मोकळं करायला जागाच नाही! म्हणून 'संवाद तास' सुरू करत आहे. सगळे एकाच वेळी मोकळे हवेत म्हणून वेळापत्रक उलटंपालटं करण्यात माझ्या नाकी नऊ आले, पण शेवटी जमलं. सोमवार ते शुक्रवार, रोज चौथा तास. पीटीच्या सरांनाही त्यात घेतलं आहे, त्या वेळी दहावीसकट सगळ्या वर्गांनी मौन वाचन करायचं. बाईंना समितीचं सदस्य केलं, हा मान सगळ्यांना मिळत नाही.

गुरुवार, १४ ऑगस्ट

संवाद तास. चहा-बिस्किटांची सोय चोख होती. पीटीच्या सरांनी पुडा संपवला आणि मग मैदानाकडे बघत बसले. बाकी कुणी बोलेना. मी म्हटलं, घाबरू नका, इथे बोललेलं बाहेर जाणार नाही, मी फक्त टिपून घेऊन अध्यक्षांना देणार आहे.

बाई मांडीवर वह्यांचा गठ्ठा घेऊन बसल्या होत्या. मी हसत हसत तो उचलून कपाटात ठेवला. "बाई, या तासात काम नाही. या तासात फक्त स्वतःसाठी जगायचं!" बाईंनी माझ्याकडे पाहिलं. "सर, माझा चौथा तास..." एवढंच म्हणून गप्प बसल्या. भावना शब्दांत मांडता येत नाही असं होतं कधीकधी.

रविवार, १७ ऑगस्ट

सुट्टी. ही भाजी निवडत होती, मी अहवालाचा मसुदा मोठ्याने वाचून दाखवत होतो. 'शिक्षक हा पेशा का सोडतात' या प्रकरणापाशी आलो तशी ही म्हणाली, "मलाही विचारा की."

ही आमच्याच शाळेत भाषा शिकवायची, आमचं लग्न जमलं ते तिथेच. मग सोडलं. त्यालाही आता बरीच वर्षं झाली. मी म्हटलं, तुझं वेगळं, तू घरच्यांसाठी नोकरी सोडलीस.

"असं कोण म्हणालं?"

"मग कशासाठी सोडलीस?"

"इतक्या वर्षांनी विचारताय होय! आधी सांगा, तेव्हा उपमुख्याध्यापक कोण होतं?"

मला चटकन आठवेना. बहुधा मीच नुकताच झालो होतो. तेवढ्यात दूध उतू गेलं आणि विषय राहिला.

बुधवार, २० ऑगस्ट

जिन्यापाशी 'कृतज्ञता भिंत' उभी केली. प्रत्येक शिक्षकाने आठवड्यातून एकदा रंगीत चिठ्ठीवर लिहायचं की शाळेतली कुठली गोष्ट आपल्याला सगळ्यात जास्त आवडते. आज पहिली चिठ्ठी लागली. तिच्यावर एकच शब्द: 'रविवार'. अक्षर मोठ्या बाईंसारखं वाटतं, पण त्या असं काही करणार नाहीत. कुणाचं तरी काम आहे. चिठ्ठी काढून टाकली.

गुरुवार, २८ ऑगस्ट

दहावीची चाचणी झाली. गणितात वर्ग घसरला आहे. बाईंना विचारलं तर म्हणाल्या, "वह्या घरी नेऊन तपासते, सर. पण वहीत लाल रेघ दिसते, मूल दिसत नाही. कुणाचं कुठे अडलं ते मला कळत नाही, आणि त्यालाही कळत नाही."

मी सांत्वन केलं. त्यांच्या दोन्ही हातांत कापडी पिशव्या असतात आणि त्या ओझ्याने त्या पुढे वाकून चालतात, हे मी बारकाईने पाहिलं आहे. प्रमुखाने असं बारीक लक्ष द्यायला हवं. म्हणून समितीतर्फे त्यांना एक भक्कम बॅग भेट दिली. बाहेर सोनेरी अक्षरांत लिहून घेतलं आहे: 'आमचे शिक्षक, आमचा अभिमान'. दोन्ही पिशव्यांतल्या वह्या तिच्यात मावतात. मी स्वतः भरून दाखवल्या.

बाईंनी ती खांद्याला लावली आणि म्हणाल्या, "छान आहे, सर." मग थांबून, "चौथ्या तासाचं काही होईल का?"

"बघू," मी म्हटलं.

मंगळवार, २ सप्टेंबर

माझ्या तोंडचं पाणी पळालं आहे. पीटीचे सर बिस्किटं खाताखाता सहज बोलून गेले की बाई शनिवारी नदीपलीकडच्या त्या छोट्या शाळेत जाऊन आल्या. तीन खोल्यांची शाळा! पत्र्याचं छप्पर! पगार आमच्यापेक्षा कमी! मी विचारलं, मग त्यांना तिथे काय आवडलं? सर म्हणाले, "तिथल्या मुख्याध्यापकांनी विचारलं, तुम्हाला कुठला तास मोकळा हवा. बाई म्हणाल्या, चौथा. ते म्हणाले, घ्या."

बस्स? एवढंच? माझा विश्वास बसत नाही, यामागे नक्की काहीतरी आहे. जेवण गेलं नाही. मोठ्या बाईंची खुर्ची डोळ्यांसमोरून हलत नाही.

बुधवार, ३ सप्टेंबर

मार्ग सापडला! सकाळी दाढी करतानाच सुचलं. चांगल्या शिक्षकाचं आपण काय करतो? त्याला वर नेतो. मला नाही का नेलं? मी दहा वर्षं गणित शिकवत होतो, बरं शिकवायचो असं लोक म्हणत, म्हणूनच मला वर्गातून काढून ऑफिसात बसवलं. त्यानंतर मी खडूला हात लावलेला नाही, आणि मी शाळा सोडून गेलो का? नाही गेलो. याहून मोठा पुरावा कुठला हवा?

अध्यक्षांची मंजुरी घेतली. बाईंना 'शिक्षक समाधान समन्वयक' हे पद. स्वतंत्र खोली, दारावर पाटी, चाकांची खुर्ची. आणि सगळ्यात मोठं बक्षीस म्हणजे त्यांचे सगळे तास काढून घेतले. सगळे! दहावीसुद्धा! एकही वही नाही की फळा नाही.

दुपारी त्यांना त्या खोलीत नेऊन खुर्चीत बसवलं आणि बातमी सांगितली.

"सर, दहावी?"

"दहावीची काळजी तुम्ही आता सोडाच!"

"म्हणजे मी शिकवायचंच नाही?"

"अजिबात नाही. आणि तुम्हाला चौथा तास हवा होता ना? आता आठही तास मोकळे!"

बाई हसायला लागल्या. पदर तोंडाला लावून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. मीही हसलो. इतका आनंद मी बऱ्याच दिवसांत कुणाला देऊ शकलो नव्हतो. अध्यक्षांना लगेच फोन करून सांगितलं की काम फत्ते.

गुरुवार, ४ सप्टेंबर

राजीनामा.

टेबलावर ठेवला होता, नव्या बॅगेच्या खाली. बॅग परत केली आहे. सोबत माझी छापील प्रश्नावली, तिच्यावर कुठेही खूण नाही, खाली आपल्या सुरेख अक्षरात लिहिलंय: 'मी शिकवायला जाते आहे.'

मला राग आला आहे, आणि वाईटही फार वाटतं आहे. त्यांच्यासाठी मी काय नाही केलं? मोठ्या बाईंकडे तो कागद घेऊन गेलो. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मला वाटलं आता माझी बाजू घेतील. त्या म्हणाल्या, "आपणही दोघं एके काळी बरे शिक्षक होतो हो."

याचा इथे काय संबंध?

सोमवार, ८ सप्टेंबर

गणिताला माणूस मिळेना. अध्यक्ष फोनवर एवढंच म्हणाले, "दहावी तुम्ही घ्या. घाण तुम्ही केलीत, निस्तराही तुम्हीच." खुर्चीबद्दल अवाक्षर नाही.

म्हणून आज वर्गावर गेलो. काल दिवसभर समरूप त्रिकोणांची उजळणी करत बसलो होतो. ही चहा ठेवायला आली आणि पुस्तकात डोकावून म्हणाली, "बाई गं! परीक्षा तुमचीच दिसतेय." गेलो खरा, पण अर्ध्या फळ्यावर पोचलो आणि अडलो. घोडं पुढे जाईना. मागे खसखस पिकली. कोटभर खडू. तेवढ्यात ती दोन वेण्यांची मुलगी उभी राहिली. म्हटलं, आता ही माझी फजिती करणार. ती पुढे आली, तिसऱ्या ओळीवर बोट टेकवलं आणि नुसती थांबली.

"अरे हो की!" मी म्हटलं.

वर्ग हसला. आश्चर्य म्हणजे मीही हसलो. उत्तर आलं.

मंगळवार, ९ सप्टेंबर

चौथ्या तासाचा संवाद तास आज झाला नाही. पीटीचे सर मैदानावर परत गेले, बाकीचे कुठे गेले देव जाणे. मी समन्वयकाच्या खोलीत अहवाल लिहीत बसलो. 'उपाययोजना सर्व योग्य होत्या' हे वाक्य नीट बसत नव्हतं.

दारात चार मुलं. हातात वह्या. मी म्हटलं, बाई गेल्या, तुम्हाला माहीत नाही का? एक जण म्हणाला, माहीत आहे सर, पण पीटीच्या सरांनी सोडलं. पाठवून देणार होतो. पण पुढे ती वेण्यावाली उभी होती आणि हलेचना.

तिला गणित वाचायला सांगितलं. पाचव्या ओळीत चूक होती. मी 'चूक आहे' असं म्हणायला तोंड उघडलं आणि मग कसं कोण जाणे, गप्प बसलो. पेन तिथे टेकवलं. ती बघत राहिली. फार वेळ गेला असं मला वाटलं. मग तिचा चेहरा असा काही उजळला की मी काय लिहू! खरं सांगतो, मला हुंदका आला. वय झालं म्हणायचं.

पुढचा आला. मग आणखी चार. घंटा झाली तरी तीन राहिले होते. त्यांना म्हटलं, उद्या या.

घरी येऊन हिला सगळं सांगितलं. एक मुलगा आहे, तो बेरीज बरोबर करतो पण चिन्ह खाली उतरवायला विसरतो. दुसऱ्याचं गणित चांगलं आहे, अक्षरच त्याला दगा देतं. त्या मुलीला चुकण्याचं भयच नाही. ही चाकू हातात धरून ऐकत राहिली.

"आज कितीतरी वर्षांनी शाळेतून येऊन मुलांबद्दल बोललात," ही म्हणाली.

"एरवी कशाबद्दल बोलतो?"

ही पुन्हा भाजी चिरायला लागली. मग तिचं म्हणणं विचारायचं राहिलं होतं ते मला आठवलं. म्हटलं, "तू का सोडलीस गं?"

हिने चाकू खाली ठेवला. "सांगते. पण मध्ये बोलायचं नाही," म्हणाली आणि खुर्ची ओढून बसली. जेवायला फार उशीर झाला. तिने काय सांगितलं ते इथे लिहीत नाही.

शुक्रवार, १९ सप्टेंबर

अहवाल अध्यक्षांना फार आवडला! संवाद तास, कृतज्ञता भिंत, सन्मान बॅग, सगळं संस्थेच्या बाकी शाळांतही सुरू करायचं म्हणतात. म्हणे, "बाई गेल्या त्याला तुम्ही काय करणार, काही माणसं मुळातच टिकत नाहीत." बाकी शाळांच्या तासांत आता काय होणार, या विचाराने मला का कोण जाणे अस्वस्थ वाटलं.

मी समन्वयकाच्या खोलीत होतो. चाकांची खुर्ची कोपऱ्यात ढकलली आहे, ती मुलांच्या मध्ये येते. वह्या लावून ठेवत होतो तेवढ्यात शिपाई निरोप घेऊन आला. सोमवारी अध्यक्षांनी बोलावलं आहे. मोठ्या बाईंच्या खुर्चीचं पक्कं करायचं आहे. चौथ्या तासाला.

मी म्हटलं, "चौथ्या तासाला जमणार नाही म्हणून सांग."

तो जागीच उभा राहिला. "साहेब, अध्यक्षांनी बोलावलंय."

"हो, कळलं. दुसऱ्या कुठल्याही वेळी येतो."

"ते दुसरी वेळ देतील असं वाटत नाही हो. कारण काय सांगू?"

दारात चौघं येऊन उभे राहिले होते. चिन्ह विसरणारा सगळ्यात पुढे होता आणि आज चिन्ह उतरवलंय हे त्याच्या तोंडावरूनच दिसत होतं.

"वैयक्तिक," मी म्हटलं, आणि त्याची वही घेतली.